एक मिनिट बारा सेकंदांवर काय झालं?

चार मिनिटांची ॲनिमेशन फिल्म म्हणजे २४० सेकंद. सेकंदाला २४ फ्रेमच्या हिशेबाने ५,७६० फ्रेम. हाताने चित्रं काढणारे बहुतेक जण एक चित्र दोन फ्रेमभर ठेवतात, ॲनिमेटरांच्या बोलीत 'टूजवर' काम करतात. तसं धरलं तरी २,८८० चित्रं होतात. पात्र कुठे स्तब्ध उभं असेल तर त्यातली काही वाचतात, एकाच शॉटमध्ये दोन पात्रं हलत असतील तर वाढतात. स्वतंत्रपणे फिल्म करणारा माणूस हे सगळं बहुधा एकटा काढतो, दिवसभराची नोकरी किंवा जाहिरातींची कामं उरकून, रात्री. रेषा साफ केलेली आणि रंग भरलेली दहा चित्रं दिवसाला झाली, तर आठ सेकंदांचा एक शॉट पुरा व्हायला जवळजवळ दहा दिवस लागतात.

मग तो फिल्म मित्रांना पाठवतो. उत्तर येतं, "भारी झालीये रे! फक्त मधे थोडी स्लो वाटली."

या वाक्याचं त्याने काय करायचं? मधे म्हणजे कुठे? स्लो म्हणजे पात्र हळू चालतं, शॉट लांबला, की गोष्ट पुढे सरकत नाही? की पाहणाऱ्याचा धागा एका जागी सुटला आणि तिथून पुढचं सगळंच त्याला रेंगाळलेलं वाटलं? प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे, आणि चुकीच्या जागी हात घातला तर दहा दिवस पाण्यात. मित्राने प्रेमाने पाहिलं, प्रेमाने लिहिलं, तरी मदत झाली नाही, कारण ॲनिमेशनवर अभिप्राय कसा द्यावा हे आपल्याला कुणी शिकवलेलंच नसतं. ते शिकता येतं, आणि मला वाटतं ज्यांचे मित्र, भाचे, विद्यार्थी या कामात पडले आहेत त्या सगळ्यांनी ते शिकून घ्यावं.

फिल्म उघडण्याआधीच एक गोष्ट विचारून घ्यायची: काम कुठवर आलंय? कॅमेऱ्याने शूट केलेल्या सिनेमात गरजेपेक्षा कितीतरी जास्त चित्रण हाताशी असतं आणि गोष्ट बरीचशी एडिटच्या टेबलावर घडते. ॲनिमेशनमध्ये जास्तीचं काही नसतंच; वापरायचा नसलेला शॉट कोण काढत बसेल? त्यामुळे इथे एडिट आधी होतं. स्टोरीबोर्डची कच्ची चित्रं ओळीने लावायची, प्रत्येक चित्र पडद्यावर जितका वेळ दिसणार तितकाच वेळ ठेवायचं, खाली कच्चा आवाज घालायचा. संवाद स्वतःच मोबाइलवर बोलून रेकॉर्ड केलेले असले तरी चालतात. याला ॲनिमॅटिक म्हणतात. त्यात पात्राचं पाऊल पडत नाही की ओठ हलत नाहीत, पण फिल्म किती लांबीची आहे, कुठला शॉट कशानंतर येतो आणि गोष्ट पोचते की नाही, एवढं उघड होतं. ॲनिमॅटिकमधला शॉट काढून टाकायला दोन मिनिटं पुरतात. तोच रंगवून झाल्यावर काढायचा तर कित्येक रात्रींचं काम टाकून द्यावं लागतं, आणि ते टाकवत नाही म्हणून तो फिल्ममध्ये राहून जातो.

तेव्हा गोष्टीबद्दल, क्रमाबद्दल, शेवटाबद्दल जे काही बोलायचं ते ॲनिमॅटिकच्या वेळी. कच्चं ॲनिमेशन झालं की हालचाल, वजन, पात्राचा अभिनय. रंग चढल्यावर नजर कुठे जाते ते. रंग चढलेल्या फिल्मबद्दल "आजीऐवजी आजोबा असते तर?" असं म्हणणं क्रूर आहे, बोलणाऱ्याला त्याची कल्पना नसली तरी.

मोठं काम अंगावर घेण्याआधी लहानसं काही करून चार माणसांना दाखवायचं, ही रीत आपल्याकडे सिनेमाइतकीच जुनी आहे. दादासाहेब फाळके १९१२ साली लंडनहून परतले, कॅमेरा हाती आला, आणि त्यांनी कुंडीतल्या वाटाण्याचं रोप वाढताना थोड्या थोड्या अंतराने चित्रित केलं. पडद्यावर ते रोप झरझर वाढताना दिसलं. ही छोटी फिल्म त्यांनी निवडक लोकांना दाखवली आणि 'राजा हरिश्चंद्र'साठी कर्ज मिळायला तिचा उपयोग झाला. फ्रेम-फ्रेमने घेतलेलं हे चित्रण ॲनिमेशनचं जवळचं नातलग आहे. पण पाहणाऱ्यांपुढे काही ठेवल्याशिवाय त्यांच्याकडून काही मिळत नाही, हे फाळक्यांनी ओळखलं होतं, आणि मला ते जास्त महत्त्वाचं वाटतं.

ॲनिमॅटिक दाखवताना एक अडचण येते. ज्यांना या कामाची सवय नाही ते कच्च्या चित्रांवरच बोलू लागतात: हात वाकडा आलाय, मागे घर का नाही, रंग कधी भरणार. त्यांचा दोष नाही. दाखवणाऱ्याने आधी सांगावं की चित्रं बदलणार आहेत, गोष्ट समजते का तेवढंच बघा. मात्र गोष्ट स्वतः सांगून टाकू नये. फिल्म महोत्सवात जाईल तेव्हा तिच्या शेजारी उभं राहून समजावायला तो नसेल.

आता एका मोठ्या स्टुडिओची हकिगत सांगतो, कारण चुकीच्या सूचनांनी काय होतं हे तिच्यात जितकं स्वच्छ दिसतं तितकं क्वचितच दिसतं. १९९३ च्या नोव्हेंबरात पिक्सारच्या मंडळींनी डिस्नीला 'टॉय स्टोरी'ची कच्ची रिळं दाखवली. बहुतेक सगळं रेखाटनांच्या रूपातच होतं, म्हणजे ॲनिमॅटिकचाच प्रकार. वुडी हे मुख्य पात्र त्यात इतकं खवचट आणि दुष्ट झालं होतं की पाहणाऱ्याला त्याच्याबद्दल काहीच वाटेना. तो इतर खेळण्यांना टाकून बोलत होता आणि बझ या नव्या खेळण्याला त्याने जाणूनबुजून खिडकीबाहेर ढकललं होतं. डिस्नीने काम थांबवलं.

वुडी असा का झाला? डिस्नीच्या चित्रपट विभागाचे त्या वेळचे प्रमुख जेफ्री कॅट्झेनबर्ग यांच्याकडून सूचना येत होत्या की पात्रं अधिक धारदार करा, विनोद मोठ्यांना रुचेल असा तिखट करा. पिक्सारची माणसं तरुण होती, पहिलाच मोठा सिनेमा होता. त्यांनी सूचना मनावर घेतल्या आणि प्रत्येक फेरीत वुडी थोडा थोडा कडवट होत गेला. सुटी सुटी पाहिली तर यातली एकही सूचना वेडगळ नव्हती. पण त्या सगळ्या इलाज सांगणाऱ्या होत्या. आजार कोणता, पाहणाऱ्याला कुठे काय वाटलं किंवा वाटलं नाही, हे कुणी बोलत नव्हतं.

काम थांबल्यावर दिग्दर्शक जॉन लॅसेटर आणि त्यांचे सहकारी स्वतःच्या मनातल्या गोष्टीकडे परतले. १९९५ साली आलेल्या सिनेमात बझ खिडकीबाहेर पडतोच, पण अपघाताने. वुडीला त्याला फक्त टेबलामागे पाडायचं असतं, सहलीला आपली वर्णी लागावी म्हणून. घटना तीच राहिली आणि हेतूत एवढासा फरक पडला, तर वुडीचा राग येण्याऐवजी त्याची कीव येते. हे वर्षभराच्या आत दुरुस्त होऊ शकलं, कारण बरंचसं अजून रेखाटनांतच होतं.

पिक्सारमध्ये पुढे 'ब्रेनट्रस्ट' नावाची पद्धत रुळली. एड कॅटमल यांनी २०१४ च्या 'क्रिएटिव्हिटी, इन्क.' या पुस्तकात तिच्याबद्दल सविस्तर लिहिलं आहे. दिग्दर्शक आणि पटकथाकार एकत्र बसून एकमेकांचं अपुरं काम पाहतात आणि जे खटकलं ते स्पष्ट बोलतात. कळीचा नियम असा की या गटाला अधिकार काहीच नाही. काय ऐकायचं, काय सोडायचं, ते त्या फिल्मच्या दिग्दर्शकाने ठरवायचं.

आपल्याकडे हा नियम पाळणं जड जातं. कलाशाळेतल्या सरांनी सहज म्हटलेलं "तो शेवट बदलून बघ" हे विद्यार्थ्याला आज्ञेसारखं ऐकू येतं. सर विसरून जातात, पोरगा महिनाभर शेवट बदलत बसतो. म्हणून ज्याचा शब्द वजनदार आहे त्याने इलाज सांगताना सगळ्यात जास्त जपावं. सांगितलाच तर "हे माझं मत आहे, तुला पटलं तरच" असं तोंडाने म्हणावं. ते समोरच्याला आपोआप कळतं असं धरून चालू नये.

लिझ लर्मन या अमेरिकन नृत्यदिग्दर्शिकेने १९९० च्या सुमारास अशा बैठकांसाठी एक पद्धत बसवली आणि ती नृत्याबाहेरही पसरली. आधी पाहणाऱ्यांनी त्यांच्या मनात काय उमटलं, काय लक्षात राहिलं ते सांगायचं. मग कलावंत प्रश्न विचारतो, त्याला स्वतःला जिथे शंका आहे तिथले. नंतर पाहणारे प्रश्न विचारतात, पण त्यांत मत दडवायचं नाही. "एवढा अंधार का ठेवलास?" हा प्रश्न वाटतो, असते ती तक्रार. "या प्रसंगात प्रकाश ठरवताना काय डोक्यात होतं?" हा खरा प्रश्न. मतं सगळ्यात शेवटी, आणि तीही परवानगी मागून: "रंगांबद्दल मला काही सांगायचंय, सांगू का?" कलावंत नको म्हणू शकतो. पहिल्यांदा हे फार औपचारिक वाटतं. पण ज्याचं मन अजून कामात गुंतलेलं आहे त्याला ऐकायला वेळ मिळतो, आणि बोलणाऱ्यालाही आपलं मत तपासायला.

आता एखादी फिल्म हाताशी घेऊन बघू. समजा गोष्ट अशी आहे: गावातली आजी शहरात शिकणाऱ्या नातवासाठी स्टीलच्या डब्यात लाडू भरते, एसटी स्टँडवर जाते, कंडक्टरच्या हातात डबा देते. गाडी जाते. दोन दिवसांनी त्याच गाडीतून डबा परत येतो. आजी हलवून बघते, आत काहीतरी खुळखुळतं. उघडते तर नातवाने कमाईतून घेतलेली काचेच्या बांगड्यांची जोडी.

एक जण पाहून म्हणतो, "शेवट नीट कळला नाही." दुसरी लिहून पाठवते: "१:१२ ला कंडक्टरने डबा घेतला ते मी पाहिलंच नाही. त्याच क्षणी मागे बस हलली आणि माझी नजर बसकडे गेली. आजी डबा घेऊन तशीच घरी परतली असं मी समजून चालले. म्हणून ३:०५ ला डबा गाडीतून उतरला तेव्हा मला तो दुसऱ्याच कुणाचा वाटला."

दुसरीने शेवटाबद्दल अक्षरही लिहिलेलं नाही, तरी शेवट दुरुस्त होण्याची वाट तिनेच दाखवली. पडद्यावर दोन गोष्टी एकदम हलल्या तर डोळा मोठ्या हालचालीकडे जातो. बस मोठी, हात लहान. एवढं कळलं की फिल्म करणाऱ्यापुढे बरेच मार्ग उघडतात. बस वेगळ्या लेयरवर असेल तर तिची हालचाल बारा फ्रेम उशिरा सुरू करायची, अर्धा सेकंद. नवीन चित्र एकही लागत नाही. किंवा कंडक्टरची डबल बेल हात मागे गेल्यानंतर वाजवायची, म्हणजे ऐकणारा आधी डब्याकडे बघतो आणि मग गाडीकडे. किंवा बसचा रंग त्या शॉटपुरता मंद करायचा. यातलं स्वस्त कुठलं आणि फिल्मच्या चालीला शोभणारं कुठलं, हे त्यालाच माहीत. तिने लिहिलं असतं की "तिथे हाताचा क्लोजअप टाक," तर बिचाऱ्याने नवी पार्श्वभूमी रंगवली असती, दोन हात नव्याने काढले असते, आणि स्टँडवरच्या गर्दीत आजी एकटी दिसावी म्हणून मुद्दाम दुरून घेतलेला शॉट मोडला असता.

असं लिहायचं तर फिल्म दोनदा बघावी लागते. पहिल्यांदा न थांबता, हातात काही न घेता, आणि संपल्याबरोबर जे आठवतं ते लिहायचं. गोष्ट दोन ओळींत स्वतःच्या शब्दांत लिहून पाठवली तर फारच उत्तम. करणाऱ्याला त्यातून जितकं समजतं तितकं पानभर सूचनांतून समजत नाही. दुसऱ्यांदा थांबत थांबत, मिनिट-सेकंद टिपत. दुसऱ्या खेपेला दिसलेल्या खोडी पहिल्या खेपेला जाणवल्या होत्या का, हे प्रामाणिकपणे नोंदवावं. पाय जमिनीवरून घसरतोय हे तिसऱ्या वेळी दिसलं असेल, तर ते यादीत खाली.

आणि जे आवडलं तेही वेळेसकट. आजी डबा देण्याआधी पदराने पुसते, हा एवढासा तुकडा पाहणाऱ्याच्या मनात बसला असेल तर ते सांगायलाच हवं. फिल्म लांबली असं चार जणांनी म्हटल्यावर करणारा कात्री घेऊन बसतो, आणि गोष्टीला ज्याची गरज नाही असं वाटतं ते आधी जातं. डबा पुसणं कापलं तरी गोष्ट कळते. पण त्यात आजी आहे. "५८ व्या सेकंदाला हात लावू नकोस" ही फार मोलाची सूचना आहे, आणि निव्वळ "मस्त!" म्हणणारे ती द्यायची विसरतात.

शैलीबद्दल बोलताना मला खूप सांभाळून राहावंसं वाटतं. गीतांजली राव यांची 'प्रिंटेड रेनबो' ही पंधरा मिनिटांची फिल्म त्यांनी सुमारे तीन वर्षं खपून हाताने रंगवली. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या आणि ॲनिमेटर राम मोहन यांच्या हाताखाली काम केलेल्या या चित्रकर्तीने एक एकाकी म्हातारी, तिची मांजर आणि काडेपेट्यांवरच्या चित्रांतलं रंगीत जग एवढ्यावर ती उभी केली. २००६ साली कान महोत्सवाच्या 'क्रिटिक्स वीक' विभागात तिला तीन पुरस्कार मिळाले. हाताने रंगवलेल्या फ्रेम एकामागून एक धावतात तेव्हा रंग आणि रेषा किंचित थरथरतात. प्रत्येक चित्र नव्याने काढलेलं असतं, त्यामुळे दोन चित्रं तंतोतंत जुळत नाहीत. गुळगुळीत संगणकी ॲनिमेशनची सवय लागलेला प्रेक्षक "ही थरथर काढता येईल का?" असं विचारू शकतो. ती काढली तर हात निघून जातो.

मग थरथर कधी दोष आणि कधी शैली? मी एकच बघतो: ती फिल्मभर सारखी आहे की एखाद्याच शॉटमध्ये उसळते? सारखी असेल तर निवड आहे, तिच्याशी वाद घालू नये. एकाच शॉटमध्ये पात्राचं नाक लहानमोठं होत असेल तर ते सांगावं. संथपणाचंही तसंच. युरी नॉर्श्टेइन यांच्या १९७५ च्या 'हेजहॉग इन द फॉग'मध्ये हेजहॉग धुक्यात हरवतो आणि बराच वेळ हरवलेलाच राहतो. ते धुकं नॉर्श्टेइन यांनी अतिशय पातळ कागद चित्रावर ठेवून, तो फ्रेमगणिक कॅमेऱ्याच्या दिशेने थोडा थोडा उचलत निर्माण केलं. तिथे वेग वाढवला तर हेजहॉग हरवणारच नाही. "मला कंटाळा आला" हे जरूर सांगावं, पण त्याआधी हा संथपणा फिल्मला हवा आहे का, हे स्वतःला विचारावं.

आवाजाबद्दल आपण फार कमी बोलतो. एकट्याने काम करणारे आवाज शेवटावर ढकलतात, आणि तोवर पैसे आणि दम दोन्ही संपलेले असतात. पाहणाऱ्याने एकदा डोळे मिटून फिल्म ऐकावी. स्टँडचा गलका अचानक तुटतो का, संगीत आजीच्या मनातलं आधीच सांगून टाकतं का, हे कानाला लगेच कळतं. आवाजाची दुरुस्ती बहुतेक वेळा चित्रापेक्षा कितीतरी स्वस्त पडते, म्हणून तिथली सूचना करणाऱ्याच्या खरोखर हाती येते.

फिल्म पुरी होऊन लॉक झाली असेल तर बदलण्यासारखं थोडंच उरतं: श्रेयनामावलीची लांबी, सुरुवातीचे रेंगाळणारे सेकंद, आवाजाची पातळी, उपशीर्षकं. मराठी फिल्म बाहेरच्या महोत्सवांना पाठवायची असेल तर उपशीर्षकं दुसऱ्या कुणीतरी वाचून बघायलाच हवीत; ती वाचून होईपर्यंत पडद्यावर टिकतात का, हेही. बाकीचं पुढच्या फिल्मसाठी, आणि त्याने विचारलं तर.

फिल्म दुरुस्त झाली की बहुतेक जण ती पुन्हा त्याच मित्रांना पाठवतात. पण १:१२ ची अडचण जिने दाखवली तिचे डोळे आता तिथेच जाणार. डबा कंडक्टरच्या हातात गेला हे तिला आधीच माहीत आहे, त्यामुळे दुरुस्ती साधली की नाही हे ती सांगू शकत नाही. त्यासाठी गोष्ट न ऐकलेला माणूस लागतो. म्हणून सुरुवातीलाच सगळ्या ओळखीच्यांना फिल्म दाखवून मोकळं होऊ नये. दोघा-तिघांना मुद्दाम मागे ठेवावं, त्यांच्यासमोर फिल्मचा विषयही काढू नये, आणि एक जण तरी असा असावा ज्याचा ॲनिमेशनशी काही संबंध नाही. त्यांना दुरुस्त केलेली फिल्म दाखवायची आणि शेवटी एवढंच विचारायचं: डबा कुठून कुठे गेला, सांग बघू.